हात कोनं लावला?

कंपनीकडून बॅचमधली नावं आली तेव्हा मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. फोन मांडीवर ठेवून बोटाने एकेक नाव वर सरकवत होते. सगळी अनुभवी मंडळी, कोणी दहा वर्षं घासलेलं, कोणी पंधरा. वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीने सॉफ्टवेअर करत आलेल्या अशा लोकांना क्लाऊडवर सर्व्हिस कशी बांधायची आणि ती लोकांसाठी चालू कशी करायची, हे शिकवणं माझं काम. शेवटून दुसरं नाव वाचलं आणि शेंग हातातच राहिली. तोच होता. नाव तेच, आडनाव तेच, कंपनीही तीच.

बाबा समोर पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "काऊन वं, काय झालं?"

"काई नाई," मी म्हटलं. "हरवलेलं एक सापडलं."

लगेच कंपनीत ट्रेनिंग बघणाऱ्या बाईंना फोन लावला. बॅच घेते म्हटलं, पण एक अट आहे. शेवटचा आठवडा ऑनलाइन नाही. सगळ्यांनी इथे, चिखलीला यायचं. बाई म्हणाल्या, चिखली कुठे आलं? मी म्हटलं, बुलडाणा जिल्ह्यात, आणि जवळच लोणारचं सरोवर आहे, टीमची सहलही होईल. सहल म्हटल्यावर बाईंचा आवाजच बदलला. मग जाता जाता त्यांनी हळूच सांगितलं की या बॅचकडे वरच्या लोकांचं लक्ष आहे. शेवटच्या परीक्षेत जो नापास होईल त्याला नव्या प्रोजेक्टवर घेणार नाहीत, आणि जुनी प्रोजेक्टं तर आता संपतच आली आहेत. पुढे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मी फोन ठेवला आणि उरलेली गवार अशी कडाकडा मोडली की बाबांनी पेपर खाली ठेवला.

हे सगळं मी पुस्तकी मराठीत लिहितेय, ते माझ्या वऱ्हाडातल्या माणसांना खटकेल. मुद्दामच लिहितेय. ही भाषा मला त्याच्याहून चांगली लिहिता येते, एवढं त्याला एकदा कळू दे.

मी इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागले तेव्हा तो माझा टीम लीड होता. पहिल्याच मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मले वाटते, हे काम हातानं करू नये." मुद्दा बरोबर होता. पण मुद्दा ऐकला कोणी? त्याने मान वाकडी केली, डोळे मोठे केले आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "तुले अजून काय काय वाटते वं?" खोली फुटली हसून. नकला तो झकास करायचा, ते मान्यच करते. त्या दिवसापासून मी 'मलेताई' झाले. मलेताई, जेवले काय? मलेताई, फाइल कुठी हाय? आमच्याकडे असं कोणी बोलतसुद्धा नाही, पण त्याला कोण सांगणार. मी महिनोन् महिने तोंडात मूग धरून राहिले आणि घरी बाबांशी फोनवर बोलतानासुद्धा आवाज बारीक करायला लागले.

तेही मी गिळलं असतं. जे गिळलं नाही ते सांगते.

क्लाऊडमधली मशीन म्हणजे आपल्या ऑफिसातल्या कोपऱ्यातला आपला सर्व्हर नव्हे. ती भाड्याची असते. ती कधीही बंद पडते, आणि तिच्या जागी दुसरी कोरी मशीन उभी राहते. ती दुसरी मशीन कशी उभी राहावी, त्याची सगळी कृती आधी लिहून ठेवावी लागते. तिला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. जुन्या लोकांची सवय वेगळी. काही बिघडलं की ते थेट चालू मशीनमध्ये शिरतात आणि हाताने दुरुस्त करतात. तेवढ्यापुरतं चालतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताटात वरून टाकलं, तर ते त्या ताटापुरतंच ना? कृतीत लिहिलं नाही तर उद्याची भाजी परत अळणी.

आमच्या त्या प्रोजेक्टची स्क्रिप्ट माझी होती. सर्व्हिस चालू करायच्या दिवशी त्याला दिसलं की मशीनचं घड्याळ भलत्याच देशाचं आहे आणि ग्राहकाच्या ऑर्डरींवर चुकीची तारीख पडतेय. मला सांगायचं, मी कृतीत एक ओळ टाकली असती, संपलं असतं. पण साहेबासमोर चमकायचं होतं ना. तो मशीनमध्ये शिरला, हाताने घड्याळ बदललं, कोणाला सांगितलं नाही आणि टाळ्या घेतल्या. दोन-तीन दिवसांनी मशीन बदलली, कोरी आली, घड्याळ परत चुकलं आणि सगळ्या ऑर्डरी आदल्या दिवसाच्या तारखेत जाऊन पडल्या. ग्राहक भडकला. मीटिंगमध्ये आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, कसं झालं? तो शांतपणे म्हणाला, "हिच्या स्क्रिप्टने खाल्लं, सर."

मी उभी राहून सांगितलं की जुन्या मशीनच्या नोंदी मी बघितल्यात, घड्याळाला हात यांनी लावला होता. साहेब म्हणाले, तू नवीन आहेस, चूक मान्य कर. मी म्हटलं, नाही करणार. मग मला समजावण्यात आलं की राजीनामा दिलास तर नावाला डाग लागणार नाही. मी बॅग भरली आणि चिखलीची बस धरली.

इथे बाबा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. वर्गात काही तुटलं, फुटलं, सांडलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हात कोनं लावला?" जो पोरगा उठून "म्या लावला" म्हणेल त्याला मार नाही. बाबा त्याच्याबरोबर बसून ती वस्तू नीट करायचे. आणि कोणीच उठला नाही तर अख्खा वर्ग उभा, कबूल होईपर्यंत. त्या माणसाने उभ्या आयुष्यात पोरांना एवढंच शिकवलं असेल. आणि मी घरी परत आल्यावर चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, "मास्तर, पोरीले काऊन काढलं म्हंते कंपनीनं?" तेव्हा बाबा म्हणाले, "काढलं नाई, तिनंच सोडली." बाबा खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले. त्यानंतर कित्येक दिवस ते त्या टपरीकडे फिरकले नाहीत, लांबच्या गल्लीने भाजी आणायला जायचे. त्याने माझी नोकरी खाल्ली ते एक वेळ सोडलं असतं. हे सोडणार नव्हते. त्याच्या तोंडून मला एकच वाक्य हवं होतं, आणि ते बाबांच्या कानावर पडायला हवं होतं.

पुढे मी घरूनच कामं घेत गेले, मग शिकवायला लागले. अनुभवी माणसांना शिकवणं म्हणजे डोकेदुखी. नव्या पोराला माहीत नसतं, तो विचारतो. यांना सगळं माहीत असतं, आणि यांचे हात गप्प बसत नाहीत. म्हणून मी बाबांचा प्रश्नच वर्गात आणला. काहीही कोसळलं की सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, हात कोनं लावला? ज्याने लावला त्याने उठून वऱ्हाडीतच म्हणायचं, म्या लावला. म्हटलं तर माफ, परत करायची संधी. लपवलं तर नापास. पुण्या-मुंबईच्या मंडळींना याची भारी गंमत वाटते.

ऑनलाइन वर्गाच्या पहिल्या दिवशी तो स्क्रीनवर दिसला. पोट सुटलेलं, केस मागे गेलेले, हसू तेच. मला वाटलं होतं चपापेल. कशाचं काय! सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, किती वर्षांनी! ही आपल्याच हाताखाली तयार झालेली बरं का, मित्रांनो." बाकीचे कौतुकाने हसले. मी माइक बंद केला आणि भिंतीकडे बघून त्याला जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

बॅच चिखलीला आली ती भर उन्हाळ्यात. आम्ही बाजार समितीच्या बाजूला, एका धान्याच्या दुकानावरचा हॉल घेतला होता. सकाळपासून खाली हरभऱ्याचा आणि तुरीचा हर्रास चालायचा, बोली लावणाऱ्यांचा आरडाओरडा थेट वर. लाइन कधी जाईल याचा नेम नाही. हॉलचं दार पूर्वेला. दारातल्या खुर्चीवर सकाळचं ऊन असं पडतं की बसणाऱ्याची मांडी भाजून निघते, आणि पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही. प्रत्येकाची जागा मीच ठरवली. ती खुर्ची कोणाला दिली ते सांगायला नको.

"अगं, जागा बदलून दे ना," तो रुमालाने मान पुसत म्हणाला.

"तिथं नेटवर्क चांगलं येते सर," मी म्हटलं. सगळ्यांसमोर मुद्दाम 'सर' म्हणायचे. दुपारच्या डब्यात ठेचा असायचा, त्याच्या ताटात मी स्वतः वाढायचे, चांगला भरपूर. डोळ्यांतून पाणी काढत तो खायचा. हलकट आहे मी? असेन. फार बरं वाटायचं.

एकाच गोष्टीने माझं डोकं फिरत होतं. हॉलची किल्ली बाबांकडे असायची. ते सकाळी उघडायला यायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. आणि त्याने बाबांशी गट्टी जमवली! दारातच बसलेला, त्यामुळे येता-जाता बोलणं. बाबांना शाळेच्या गोष्टी विचारायचा, वर्गात टांगायच्या जुन्या नकाशांबद्दल विचारायचा, ठेच्याचं कौतुक करायचा. लोणारला गेलो तेव्हा उतारावर बाबांचा हात धरून चालला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तो दारातला मानूस चांगला आहे वं. त्याले काऊन उन्हात बसवतं?"

हाच तो, असं मी बाबांना सांगितलं नव्हतं. ओठांवर आलं होतं. दातांखाली दाबून धरलं. म्हटलं, मी सांगितलेलं नको, त्याने सांगितलेलं हवं.

शेवटची परीक्षा साधी असते. प्रत्येकाने बाजारभाव दाखवणारी एक छोटी सर्व्हिस बांधायची आणि चालू करायची. आज हरभरा काय, तूर काय, एवढंच. मी दिलेल्या मशीनचं घड्याळ मात्र मुद्दाम अमेरिकेचं ठेवलेलं असतं. आपल्याकडे सकाळ झालेली असते तेव्हा तिकडे अजून कालचाच दिवस चालू असतो, म्हणजे आजच्या जागी कालचा भाव दिसणार. ते ओळखायचं आणि कृतीत दुरुस्त करायचं. मग सगळ्यांसमोर मी एकेकाची मशीन पाडते. कोरी मशीन उभी राहिली आणि तिच्यावर आजचा भाव दिसला तर पास.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मी सगळ्यांच्या मागून फिरत होते. त्याच्या पाठीमागे आले तेव्हाच लाइन गेली. पंखे थांबले, खालून हर्रासाचा गलका वाढला, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. त्याच्या स्क्रीनवर कालचा भाव होता. तो घाबरला. आणि मग त्याचा हात मशीनच्या आत गेला. तीच बोटं, तीच घाई. त्याने थेट मशीनमध्ये शिरून हाताने घड्याळ बदललं, आजचा भाव आला, आणि तो हुश्श करून मागे टेकला. कृतीत एक ओळ लिहिली नाही.

मी मास्तरीण आहे. दुसरा कोणी असता तर खांद्यावर टपली मारली असती, बाबा रे, काय करतोस? त्याला मात्र मी म्हणाले, "सर, चहा घेता?"

"हो, चालेल की," तो म्हणाला. "झालं माझं."

"झालंच तुमचं," मी म्हटलं.

त्या दिवशी जेवण गोड लागलं. उगाच खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सकाळी सगळे पडद्याकडे तोंड करून बसले. एकेकाची मशीन मी पाडत गेले. कोरी यायची, आजचा भाव यायचा, टाळ्या. एक पोरगी तर खुर्चीतच उड्या मारायला लागली. त्याची पाळी मी शेवटी ठेवली होती. मी बटण दाबलं. मशीन पडली. कोरी उभी राहिली. पडद्यावर कालचा भाव.

कोणी काही बोलायच्या आत तो उसळून म्हणाला, "हे कसं शक्य आहे? काल माझं बरोबर होतं! स्क्रिप्टने खाल्लं असणार."

ऐकलंत? शब्द न् शब्द तोच. पण मला काही बोलावंच लागलं नाही. इतके आठवडे शिकवलेली ती सगळी बॅच हसत हसत एका सुरात ओरडली, "हात कोनं लावला?"

तो क्षणभर गोंधळला. मग त्याचं ते हसू आलं. त्याने मान वाकडी केली, डोळे मोठे केले, खुर्चीतून उठून कंबरेवर हात ठेवला आणि नाकात म्हणाला, "म्या लावला वं माय!" हॉल हसून लोटपोट. टाळ्या वाजल्या. मी वर्षानुवर्षं ज्याची वाट बघत होते ते वाक्य त्याने नक्कल करून उडवलं आणि वर टाळ्याही घेतल्या. नियमाप्रमाणे कबूल केलं म्हणजे माफ. तो बसायला लागला.

"बसू नका, सर," मी म्हटलं.

माझा आवाज असा निघाला की हसणं बंद पडलं.

"हे कालचं झालं. त्या वेळचं सांगा. पुण्यात ऑर्डरींच्या तारखा चुकल्या, तेव्हा घड्याळाला हात कोनं लावला होता? माझ्या स्क्रिप्टनं खाल्लं म्हनून सांगितलं तुम्ही. माझी नोकरी गेली. हात कोनं लावला होता?"

खाली हर्रासवाला कोणाची तरी बोली तीन-तीनदा ओरडत होता. मागच्या बाकावर बाबा उभे राहिले होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळलं.

तोही बाबांकडेच बघत होता. मग हळू म्हणाला, "मी लावला होता."

"असं नाई. आमच्या बोलीत."

"अगं, प्लीज..."

"अगं नाही. मॅडम. आणि आमच्या बोलीत."

त्याने मान खाली घातली. या वेळी नाकातून आवाज नव्हता, मान वाकडी नव्हती. "म्या लावला होता," तो म्हणाला. कोणीही हसलं नाही.

मिळालं की नाही? मिळालं. पण माझी आग विझायचं नाव घेईना. म्हटलं, "आता फोन लावा. साहेबांना. ज्यांच्यासमोर माझं नाव घेतलं त्यांच्यासमोरच परत घ्या. स्पीकरवर."

"पोरी," बाबा मागून म्हणाले, "बोलला ना तो. बोलल्यावर म्या कधी कोनाले मारलं नाई."

"तुम्ही नका मारू बाबा. माझं बाकी हाये."

साहेब आता कंपनीत फार वर गेलेत. ही बॅचही त्यांच्याच सहीने आली होती, फक्त शिकवणाऱ्या बाईचं, म्हणजे माझं, नाव त्यांनी कधी वाचलं नसावं. त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. साहेबांनी उचलला, आवाज मोकळा, खुशीतला. "बोल रे, कसं चाललंय जंगलात?"

तो एका दमात बोलून गेला. त्या वेळी घड्याळ मीच बदललं होतं सर, त्या मुलीची चूक नव्हती, मी खोटं बोललो.

साहेब हसले. खरंच हसले. "अरे, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. आता काय उकरून काढतोस? ग्राहकाला कोणाचं तरी नाव द्यायचं होतं. तू लीड होतास, तुला कसा घालवणार? ती नवीन होती, गावाकडची. धड बोलताही येत नव्हतं तिला. लागली असेल कुठेतरी."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपलं खोटं पचलं. मला वाटत होतं की माझं खरं कोणाला पटलं नाही. दोघांचंही चुकलेलं. माझं खरं तर पहिल्याच दिवशी पटलं होतं, आणि तरी मला बसमध्ये बसवलं होतं. मी इतकी वर्षं दुसऱ्याच माणसाचा राग राग करत होते की काय? नाही, त्याचा राग बरोबरच होता. पण अर्धाच होता.

मी पुढे होऊन फोन हातात घेतला. "लागली सर. चिखलीले लागली. तुमचीच मानसं शिकवते. सगळी बॅच ऐकून राह्यली."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "हे बघा मॅडम, तो काळ वेगळा होता, काही निर्णय..."

तेवढ्यात बाबा चालत पुढे आले. माझ्या हातातला फोन त्यांनी तोंडाशी धरला, पाठ ताठ केली, आणि पूर्वी पाचवीच्या वर्गात विचारायचे त्या आवाजात विचारलं, "हात कोनं लावला?"

साहेबांनी फोन कापला.

बाबांनी फोन त्याच्या हातात परत ठेवला. मग त्याला म्हणाले, "बस बाबू, तू बस. तुझं झालं." पण तो बसला नाही. ऊन तोंडावर घेत तसाच उभा राहिला, आणि मग ती उड्या मारणारी पोरगी उठली, तिच्या बाजूचा उठला, आणि बघता बघता सगळी बॅच उभी, बाबांच्या वर्गासारखी. कोणी सांगितलं नव्हतं. चहावाला वर आला आणि सगळे उभे बघून ट्रे घेऊन दारातच थांबला.

त्याला मी पास केलं. उपकार म्हणून नाही. दुसऱ्या सकाळी निघायच्या आधी त्याने घड्याळाची ओळ कृतीत लिहिली, मी मशीन पाडली, कोरी आली, आजचा भाव आला. नियम बाबांचा आहे, मी तो मोडणार नाही. माफ केलं का? नाही केलं. जाताना तो बाबांच्या पाया पडला. माझ्याशी काही बोलायला जागा नव्हती, म्हणून गाडीत जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी बाबा चहाच्या टपरीवर गेले. मीही मागोमाग गेले, जिरं आणायच्या निमित्ताने. तीच म्हातारी मंडळी बाकड्यावर होती. बाबा न बसता म्हणाले, "आयका बे. मांगं मी खोटं बोललो होतो. पोरीनं सोडली नव्हती, काढलं होतं तिले. तिचा हात नसतानी काढलं. खोटं म्या बोललो होतो." टपरीवाल्याने काही न विचारता बाबांच्या पुढे चहा ठेवला आणि बाबा तिथे बसले. मी जिरं न घेताच घरी आले आणि मोरीत नळ सोडून पोटभर रडले.

परवा कंपनीच्या बाईंचा फोन आला. बॅच फार खूश आहे म्हणाल्या, पुढची कधी घेता? मी म्हटलं, घेते की. अट तीच, शेवटचा आठवडा चिखलीत. आणि एक वाढलीय. तुमचे मोठे साहेब स्वतः बॅचमध्ये बसले तर घेईन, नाही तर दुसरा मास्तर बघा. बाई गडबडल्या, विचारून सांगते म्हणाल्या. अजून उत्तर आलेलं नाही. बाबा रोज सकाळी हॉल उघडून झाडून येतात. दारातली खुर्ची आत घेऊ का म्हणून काल विचारत होते. मी म्हटलं, राहू द्या बाबा, उन्हातच राहू द्या.